नगरपरिषदेची घरपट्टी वेळेवर भरूनही आमच्या गल्लीतला रस्ता होत नाही. हा पैसा जातो कुठे?

माझे वडील नगरपरिषदेत वसुली लिपिक होते. मार्चमध्ये ते रात्री दहाच्या आत घरी आल्याचं मला आठवत नाही. म्हणून लिहितोय.

घरपट्टीतून रस्ता होतो हे आधी डोक्यातून काढा. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून पगार मुख्यतः राज्याच्या सहायक अनुदानावर होतात. रस्त्याचा पैसा बहुतेक वेळा योजनेतून येतो आणि त्याच कामावर खर्चावा लागतो. घरपट्टी जाते पथदिव्यांच्या वीजबिलात, सफाईच्या ठेक्यात, गाड्यांच्या डिझेलमध्ये. बिलातला शिक्षण कर तर पालिकेचा नसतोच, तो राज्याकडे जातो.

खरी मेख आकारणीत आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. मागच्या वेळी मापं घ्यायला ठेकेदाराची दोन पोरं आली, तेव्हा मी शेतावर होतो. नोटीस हातात पडली तर मागची पत्र्याची पडवी, जिथे आई अजून सरपण रचते, ती 'आरसीसी' म्हणून लावलेली! बांधकामाच्या प्रकारावरून भाडेमूल्य, म्हणजे घराला वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज, धरतात, त्यातून १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य, आणि कर त्यावर. एक शब्द चुकला की चार वर्षं भुर्दंड.

थोरल्या भावाचा पुण्याहून फोन: "भरूच नको. निवडणूक आली की माफ होतं." मी मुदतीत हरकत दिली, पोच घेतली, सुनावणीला पडवीचे फोटो नेले. साहेबांनी फोटो पाहिले, "पत्रेच आहेत की," म्हणाले आणि तिथल्या तिथे दुरुस्ती केली. हरकत न देता घरी बसून पालिकेला शिव्या देणाऱ्यांचा मला राग येतो.

दादाने मात्र त्याच्या नावावरच्या जुन्या घराची पट्टी तीन वर्षं थकवली. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड; वर्षाला २४ टक्के. जप्तीची नोटीस त्या बंद घराच्या कडीला अडकवून गेले. वडील ज्या गल्लीत वसुलीला फिरायचे, त्याच गल्लीत. शेवटी मीच भरले. "घाई केलीस, अभय योजना आली असती," असं तो अजून म्हणतो.

अभय योजना येतात हे खरं, पण त्यात सूट शास्तीला मिळते, मूळ कर भरावाच लागतो. आणि तुमचा रस्ता कुठल्या योजनेत धरलाय ते बांधकाम विभागात विचारा. धरलाच नसेल तर फेब्रुवारीअखेर अर्थसंकल्प मंजूर होतो, त्याच्या आधी लेखी अर्ज द्या. त्याचीही पोच घ्या.