कावळ्याचे घरटे पाडले. आता वनविभागाची नोटीस आली आहे

प्रश्न : आमच्या भागातील महापालिकेच्या उद्यानात मे महिन्यात एका झाडाखालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर कावळे झडप घालत होते. माझी पत्नी (वय ६४) दचकून पडली आणि तिचे मनगट मोडले. त्याआधी उद्यान विभागाकडे दोनदा लेखी तक्रार करूनही कोणी फिरकले नव्हते. म्हणून चार दिवसांनी मी तेथील कंत्राटी माळ्याला सांगून बांबूने घरटे पाडून घेतले. त्यात दोन पिल्ले मेली आणि कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केले. आता वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपुढे जबाबासाठी हजर राहण्याची नोटीस आली आहे. साध्या कावळ्यासाठी गुन्हा होतो का? पत्नीच्या उपचारांचा खर्च महापालिकेकडून मिळेल का? शिवाय घरटे पाडल्यापासून कावळे केवळ माझ्या आणि त्या माळ्याच्याच मागे लागतात.

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांपूर्वी वेगळे असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या जुन्या पाचव्या अनुसूचीत उंदीर, घुशी आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या जोडीला सामान्य कावळाही उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेला होता, आणि त्याला मारण्यावर या अधिनियमाखाली बंदी नव्हती. २०२२ च्या सुधारणा अधिनियमाने ती अनुसूचीच रद्द केली. ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून तेव्हापासून कावळा दुसऱ्या अनुसूचीतील संरक्षित पक्षी आहे. 'कावळ्याला कायदा नाही' ही समजूत अजून सर्वत्र आढळते, काही वकिलांमध्येही आढळते. परंतु कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही.

आपण कावळा मारला नाही, घरटे पाडले, हा भेदही उपयोगी पडणार नाही. कलम २(१६) मधील 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती मर्यादित नाही. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटे विस्कळीत करणे हेदेखील तिच्यात येते. कलम ९ अशा शिकारीस मनाई करते. या अनुसूचीतील पक्ष्याबाबत कलम ५१ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही कमाल मर्यादा आहे. किमान कारावास ठरवून दिलेला नाही, आणि ही गोष्ट आपल्या प्रकरणात महत्त्वाची ठरेल. कावळ्याच्या घरट्यात अनेकदा कोकिळेची अंडी असतात, त्यामुळे पिल्ले कावळ्याचीच होती हे सिद्ध करा, असा युक्तिवाद कोणी सुचवील. तो करू नये. कोकिळा हाही वन्य पक्षीच आहे, शिवाय घरटे कावळ्याचे होते हे आपण स्वतःच लिहिले आहे.

आता आत्मसंरक्षणाविषयी. कलम ११(२) प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्याला ठार मारणे किंवा जखमी करणे हा अपराध नाही. आपल्या पत्नीवर झडप पडत असताना तिने छत्री फिरवली असती आणि त्यात कावळा मेला असता, तर तिच्यावर खटला टिकला नसता. परंतु आपण चार दिवसांनी, कोणावरही झडप पडत नसताना, बांबू आणवून घरटे पाडले. येथे कावळ्यांच्या वागण्याकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण सरकारी वकीलही तेच दाखवतील. कावळे विनाकारण माणसावर येत नाहीत. घरट्यात पिल्ले असताना, आणि विशेषतः उडायला शिकणारे पिल्लू खालच्या फांदीवर किंवा जमिनीवर असताना, जवळून जाणारा प्रत्येक जण त्यांना धोका वाटतो. मग ते बहुधा पाठीमागून डोक्यावर झेपावतात आणि माणूस त्या टप्प्याबाहेर गेला की थांबतात. पिल्ले तीन ते चार आठवड्यांत घरटे सोडतात. म्हणजे धोका विशिष्ट जागेपुरता व थोड्या काळापुरता होता आणि वाट बदलून तो टाळता येत होता, असे म्हणण्यास जागा राहते. याच कारणाने भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मधील, मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या कृत्याचा बचावही मला दुबळा वाटतो. मोडलेले मनगट आणि अनुत्तरित तक्रारी यांचा खरा उपयोग शिक्षा सौम्य होण्यासाठी आहे.

माळ्याने पाडले, मी फक्त सांगितले, असे कृपया म्हणू नका. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५२ नुसार चिथावणी देणाराही मूळ कृत्य करणाऱ्याइतकाच दोषी ठरतो. शिवाय आपण वाचण्यासाठी त्या कंत्राटी कामगाराला पुढे केले, तर तो आपल्याविरुद्धचा पहिला साक्षीदार होईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

नोटिशीला दिलेल्या तारखेस अवश्य हजर राहा, मात्र वकिलासह. सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम ५०(८) खाली आरोपीच्या उपस्थितीत नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरला जातो. म्हणून 'साधी चौकशी आहे, सही करून टाका' या आश्वासनावर विसंबू नये. आपला जबाब कोणत्या दर्जाचे अधिकारी घेत आहेत ते आधी पाहावे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे करता येत नाही. ज्या अपराधांना किमान कारावास नाही ते वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५४ खाली रक्कम भरून आपसात मिटवण्याचा अधिकार उपवनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या, राज्य शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास देता येतो. चित्रफीत स्पष्ट असेल तर आपल्या वकिलाने याच मार्गाचा आधी विचार करावा, असे माझे मत आहे.

महापालिकेविरुद्धचा दावा अशक्य नाही, पण अवघड आहे. १९६६ साली दिल्लीतील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. तेथे इमारत महापालिकेचीच होती आणि तिची देखभाल हे तिचे काम होते. उलट १९९७ साली राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून मृत्यू झाला असतानाही, निष्काळजीपणा सिद्ध न झाल्याने भरपाई नाकारली गेली. कावळा तर झाडाहूनही महापालिकेच्या ताब्याबाहेरचा. पत्नी पडण्यापूर्वी केलेल्या दोन तक्रारींची आवक शिक्क्यासह पोच आपल्याकडे असेल, तरच 'धोका माहीत होता, तरी फलक लावला नाही, वाट बंद केली नाही' असे म्हणता येईल. पोच नसेल तर दाव्याच्या खर्चात पडू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. घटना मे महिन्यातली असल्याने नोटीस देण्यात सप्टेंबर उलटू देऊ नका. घरटे आपण पाडल्याचे या दाव्यातही उघड होईल, म्हणून दोन्ही कामे एकाच वकिलाकडे असावीत.

घरटे पाडल्यापासून कावळे केवळ आपल्या आणि माळ्याच्याच मागे लागतात, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते अशक्य नाही. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी मुखवटे वापरून केलेल्या प्रयोगांत तेथील कावळे, त्रास देणारा चेहरा वर्षानुवर्षे ओळखतात असे दिसले. आपला गावकावळा वेगळ्या जातीचा असला तरी स्वभावाने तो काही भोळा नाही. सुदैवाने ही ओळखपरेड न्यायालयात चालत नाही. पण म्हणून बांबू पुन्हा हातात घेऊ नका आणि फांद्या परस्पर छाटूनही घेऊ नका. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली त्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पुढील उन्हाळ्यात त्या झाडावर घरटे दिसताच वाट काही आठवडे बंद करण्याची आणि फलक लावण्याची मागणी उद्यान विभागाकडे लेखी करा, तिची प्रत वनविभागाला द्या आणि दोन्हींची पोच घ्या.