आकडे शेजारचे, सबनेट निराळे

प्रश्न : एकाच स्विचला जोडलेल्या दोन संगणकांना मी १९२.१६८.१.६० आणि १९२.१६८.१.७० हे आयपी पत्ते दिले आहेत. दोन्हींवर सबनेट मास्क (नेटवर्कचा तुकडा, म्हणजे सबनेट, ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२ आहे. केबल आणि स्विच ठीक असून पत्त्यांचे पहिले तीन आकडेही सारखे आहेत, तरी त्यांचा संपर्क का होत नाही? तसेच अशा सबनेटमधल्या ६४ पत्त्यांपैकी ६२ च का वापरता येतात?

उत्तर : पहिले तीन आकडे जुळले की नेटवर्क एकच, ही समजूत क्लास सी पत्त्यांच्या (पहिले तीन आकडे नेटवर्कचे, चौथा यंत्राचा) जुन्या पद्धतीतून आलेली आहे. १९९३ मध्ये वर्गविरहित पद्धत आल्यापासून ती समजूत विसरणेच बरे, कारण पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा आणि कोणता यंत्राचा, हे आता केवळ मास्क ठरवतो.

आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे वरच्यासारखा चार आकड्यांचा पत्ता, ३२ बिटांचा (० किंवा १ अशा ३२ अंकांचा) असतो. आपल्या मास्कमधला १९२ हा आकडा बायनरीत ११०००००० असा लिहिला जातो, म्हणजे पहिल्या तीन आकड्यांच्या २४ बिटांखेरीज चौथ्यातले आणखी दोन बिट नेटवर्ककडे गेले. म्हणूनच हा मास्क थोडक्यात /२६ असा लिहितात. आता ६० म्हणजे ००११११०० आणि ७० म्हणजे ०१०००११०. पहिले दोन बिट पाहा : एकीकडे ००, दुसरीकडे ०१. त्यामुळे ६० हा पत्ता ० ते ६३ या सबनेटमध्ये, तर ७० हा ६४ ते १२७ या सबनेटमध्ये पडतो. संदेश पाठवण्यापूर्वी संगणक हाच हिशेब करतो आणि समोरचा पत्ता आपल्या सबनेटबाहेरचा दिसला, की संदेश थेट न पाठवता गेटवेकडे, म्हणजे सबनेटबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवतो. दोन्ही सबनेटांना जोडणारा राउटर नसेल, तर स्विच एकच असण्याचा काही उपयोग नाही.

सबनेट मुद्दाम वेगळे केले नसतील, तर पहिल्या संगणकाला ६५ ते १२६ मधला एखादा मोकळा पत्ता द्यावा. मास्क २५५.२५५.२५५.१२८ करूनही काम होईल, मात्र तो बदल सर्व यंत्रांवर करावा लागेल. एकाच संगणकावर केल्यास त्याला दुसरा शेजारी वाटेल, दुसऱ्याला मात्र तो परकाच वाटत राहील, आणि असा अर्धवट बिघाड शोधणे फार जिकिरीचे असते.

राहिले ते दोन पत्ते. यंत्राकडे उरलेले सहाही बिट शून्य असलेला पत्ता, ६४ ते १२७ या सबनेटमध्ये ६४, हे त्या सबनेटचेच नाव असते. सर्व बिट एक असलेला १२७ हा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सबनेटमधल्या सर्वांना एकदम उद्देशून पाठवायच्या संदेशासाठी राखलेला असतो. दोन राउटरांना थेट जोडणाऱ्या दुव्यावर /३१ मास्क वापरल्यास मात्र हा नियम शिथिल होतो आणि दोन्ही पत्ते वापरता येतात.