ऐकलेच नाही, ते आठवणार कसे?

उतारवयातील विसरण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. रस्त्यात भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्याचा चेहरा ओळखतो, पण नाव ओठांवर येऊन अडते आणि रात्री जेवताना अचानक आठवते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजावी का? (सातारा)

उत्तर : रात्री नाव आठवते, हीच दिलासा देणारी गोष्ट आहे. ते नाव मेंदूत शाबूत आहे. वयोमानाने मंदावतो तो त्याला शोधून वर आणण्याचा वेग, आणि विशेषनामांना अर्थाचा आधार कमी असल्यामुळे ती सर्वांत आधी अडतात. काळजी करावी असा विसर वेगळा असतो. तासाभरापूर्वीचे बोलणे झाल्याचेच आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, रोजची वाट चुकते, हातखंडा असलेल्या स्वयंपाकाचा क्रम बिघडतो, पेन्शनचा हिशेब जमेनासा होतो. असे बदल तुम्हाला जाणवत नसतील आणि घरच्यांना जाणवत असतील, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सांगितलेले काम विसरतात, भलतेच उत्तर देतात, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. टीव्हीचा आवाज मात्र शेजारच्या घरापर्यंत जातो. वय झाले म्हणून सोडून द्यावे का? (अकोला)

उत्तर : मुळीच सोडून देऊ नका, आणि सर्वांत आधी त्यांचे कान तपासून घ्या. टीव्हीच्या आवाजाचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी केला आहे. माझ्या मते तो पहिल्या ओळीत यायला हवा होता. माझ्याकडे आलेल्या एका आजींना मी स्मरणशक्तीच्या चाचणीतले तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा त्यांना एकही सांगता आला नाही. कानांत साठलेला मळ काढल्यावर, समोरासमोर बसून आणि पंखा बंद करून दुसरे तीन शब्द दिले, तेव्हा त्यांनी तिन्ही बिनचूक सांगितले. जे मेंदूपर्यंत पोहोचलेच नाही, ते आठवणार कसे?

ऐकू कमी येते तेव्हा माणूस अर्धा शब्द ऐकून अर्ध्याचा अंदाज बांधतो, आणि त्या ओढाताणीत ऐकलेले लक्षात ठेवायला मेंदूला सवड उरत नाही. पुढे चुकीचे उत्तर जाईल या संकोचाने तो चारचौघांत बसणे टाळतो, आणि बोलणेचालणे तुटल्यामुळे होणारे नुकसान आणखी मोठे असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ जोखमीची कारणे सांगितली. त्यांत बहिरेपणा आणि एकाकीपणा ही दोन्ही आहेत. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राचा सरसकट सगळ्यांना लाभ दिसला नाही, परंतु ज्यांना आधीपासून जोखीम जास्त होती त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली.

कान-नाक-घसातज्ज्ञांकडून मळ काढून श्रवणचाचणी करून घ्या. यंत्र लागलेच, तर सुरुवातीला भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, म्हणून ते कपाटाच्या खणात जाऊन पडते. आधी शांत खोलीत तासभर आणि हळूहळू दिवसभर अशी सवय लावावी लागते. दरम्यान त्यांच्याशी स्वयंपाकघरातून ओरडून बोलू नका, समोर येऊन सावकाश बोला.

प्रश्न : मी गेली वीस वर्षे रोज वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवतो. मेंदूला एवढा व्यायाम पुरेसा आहे का? (पुणे)

उत्तर : कोडे जरूर सोडवा, पण वीस वर्षांच्या सरावानंतर त्यात मेंदूला नवे फारसे काही शिकावे लागत नाही. नव्या गोष्टीत थोडे अडखळावे लागते, आणि ते अडखळणेच उपयोगाचे असते. न येणारा एखादा अभंग घ्या, आज चार ओळी वाचा, पुस्तक मिटून म्हणा, आणि परवा पुन्हा न पाहता म्हणून बघा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून काढणे स्मरणात अधिक टिकते. भजनी मंडळात जाऊन तो म्हणाल तर सोबतही मिळेल.

मात्र कोड्याइतकाच वेळ पायांना द्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्क व्यक्तींपैकी ज्या वर्षभर नियमित चालल्या, त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेला भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर केवळ अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा तो थोडा आक्रसला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे.

प्रश्न : मी शाकाहारी असून दहा वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. हल्ली विसरायला होते. ब्राह्मी किंवा जिन्कोच्या गोळ्या सुरू करू का? (बेळगाव)

उत्तर : गोळ्या आणण्यापूर्वी रक्तातील बी-१२ तपासून घ्या. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते आणि दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण कमी होते, त्यामुळे तुम्हाला त्याची कमतरता असण्याची शक्यता दुहेरी आहे. ही कमतरता वेळेवर भरून काढली तर विसरणे सुधारू शकते. त्याचबरोबर थायरॉइड तपासा. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काविषयी सांगायचे तर, तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवरील मोठ्या चाचणीत, २००८ मध्ये, त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही असे आढळले. ते पैसे घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर खर्च करा. मधुमेहाबरोबर रक्तदाबही आटोक्यात ठेवणे हे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचे आहे.

प्रश्न : झोपेची गोळी आठ वर्षे घेते आहे. तिचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो का? (ठाणे)

उत्तर : होऊ शकतो. दिवसभराच्या आठवणी झोपेत पक्क्या होतात, पण यातील अनेक गोळ्यांनी येणारी झोप नैसर्गिक झोपेसारखी नसते, शिवाय दुसऱ्या दिवशी लक्ष लागत नाही आणि तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. तरीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याने त्रास होतो, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. त्यांच्याकडे जाताना घरातील सगळ्या औषधांची पाकिटे बरोबर न्या, सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांसह, कारण त्यांतील काही गोळ्यांनीही गुंगी येते आणि विसरायला होते.