वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं वजनाचीच आहेत, आणि बहुतेक साठीच्या पुढच्या वाचकांची. "डॉक्टर म्हणाले वजन कमी करा" एवढं एक वाक्य घेऊन माणूस घरी येतो, कसं करायचं, किती करायचं हे विचारायला ओपीडीत वेळ मिळत नाही, बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असतात. मग जे ऐकलं वाचलं ते सुरू होतं. म्हणून यावेळी पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते.

प्रश्न : वय 64, उंची पाच फूट एक इंच, शाळेतून रिटायर झाले आहे. गुडघे दुखतात म्हणून दाखवलं तर आधी वजन उतरवा म्हणाले. 74 किलो होतं. रात्रीचं जेवण पूर्ण बंद केलं, सकाळी भाकरी-भाजी आणि संध्याकाळी चहाबरोबर वाटीभर भडंग, बास. अडीच महिन्यात 67 वर आले, सगळे कौतुक करतात. पण पहाटे घाम येऊन जाग येते, अंथरुणातून उठताना डोळ्यापुढं अंधारी येते, आणि हल्ली लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही. शुगरची गोळी रात्री जेवणाआधीची आहे ती एकही दिवस चुकवत नाही, बीपीची सकाळी घेते. या अशक्तपणावर एखादं चांगलं टॉनिक सांगाल का? – विश्रामबाग, सांगली

उत्तर : बाई, टॉनिकचं नंतर बघू, हे वाचून झालं की आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. जेवण बंद झालंय आणि जेवणाआधीची गोळी चालू आहे, काळजी त्याची आहे. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोटात अन्न असो की नसो शरीराला इन्शुलिन सोडायलाच लावतात, डॉक्टरांनी ती दिली तेव्हा मागून जेवण येणार हे धरून दिलेली. पहाटेचा घाम, हाताची थरथर, धडधड, काही सुधरेनासं होणं ही शुगर खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर तसं झाल्याबरोबर बोटातून तपासा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि मग काहीतरी खा. मशीन नसेल तर तपासायची वाट न बघता साखर घ्या. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रात्री जेवा, उपाशीपोटी ती गोळी नको.

उठताना अंधारी येते त्यासाठी बीपी उभं राहून मोजून घ्या. वजन सात किलो उतरलं की बीपीही उतरतं, आणि 74 किलोच्या बाईला दिलेला डोस 67 किलोच्या बाईला जास्त होऊ शकतो. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, तेव्हाचं बीपी. मग उभं राहायचं आणि एका मिनिटानं, तीन मिनिटांनी परत मोजायचं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त खाली आला तर डॉक्टर गोळीत बदल करतील. या वयात बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडणं हे चार किलो जास्त वजनापेक्षा कितीतरी वाईट, म्हणून हे टाळू नका.

आता बरणीच्या झाकणाचं. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर जेवढं उतरतं त्यातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायू आले. तरुणपणी ते भरून निघतात, साठीनंतर भरून काढायला कष्ट पडतात, आणि वजन परत वाढलं तर ते मुख्यतः चरबीच्या रूपानं वाढतं, म्हणजे काटा जुन्याच आकड्यावर पण अंगात ताकद पहिल्यापेक्षा कमी. तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही हं, वजन एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला चारेक किलोनी कमी होतो, गुडघ्यांना त्याचा खरंच फायदा आहे. फक्त महिन्याला दीड-दोन किलोच्या पुढं जायचं नाही. काट्याबरोबर टेपही घ्या, बेंबीच्या आसपास पोटाचा घेर बायकांचा 80 सेंटीमीटरच्या आत, पुरुषांचा 90 च्या आत हवा. घेर उतरतोय आणि हातपाय घट्ट आहेत म्हणजे योग्य चाललंय.

तुमच्या दोन वेळच्या खाण्यात प्रोटीन जवळपास नाहीच. या वयात किलोला एक ते सव्वा ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला रोज 65 ते 85 ग्रॅमच्या आसपास. अवघड वाटतं पण आपल्याच स्वयंपाकघरात आहे : अंडी खात असाल तर दोन अंड्यांचे 12, वाटीभर मटकीची उसळ किंवा हुलग्याचं घट्ट माडगं यातून सहा-सात, घट्ट वरणाचे पाच-सहा, मोठी वाटी दह्याचे सहा, कपभर दुधाचे सहा, दोन ज्वारीच्या भाकऱ्यांचे आठ-नऊ, मूठभर शेंगदाण्यांचे सहा. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात एवढं पिकतं, सोया वड्या 25 ग्रॅम भाजीत टाकल्या तरी 12-13 ग्रॅम मिळतात. हे तीन वेळा विभागून खा, रात्री सातला हलकं जेवण ठेवा. वाढवायच्या आधी किडनीचं क्रिएटिनिन बघून घ्या, किडनीचा त्रास असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. भडंग आठवड्यातून एकदा ठीक, त्याला तेल किती लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि व्यायाम. कृष्णाकाठी किंवा आमराईत फिरायला जात असाल तर ते चालू ठेवा, पण नुसत्या चालण्यानं ताकद परत येत नाही. घट्ट खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर दुमडा आणि पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्यांत जोर कमी आहे असं समजा, आणि मग तोच व्यायाम करा, दिवसातून दोनदा आठ-दहा वेळा, सुरुवातीला कुणीतरी जवळ असताना. भिंतीला हात टेकून ढकलणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, ओट्याला धरून टाचा वर करणं हेही घाला. चक्कर थांबल्यावर सुरू करायचं मात्र, आधी नाही.

प्रश्न : आमचे वडील 72 वर्षांचे, अजून रोज द्राक्षबागेत जातात. दिवाळीत 61 किलो होते, आता 55. डाएट वगैरे काही नाही, जेवणच कमी झालंय. गावात सगळे म्हणतात म्हातारा फिट झाला, आणि ते स्वतः म्हणतात "मला काय झालंय, हलकं वाटतंय". तपासणीला न्यावं का? – तासगाव तालुका

उत्तर : न्याच, आणि याच आठवड्यात. न ठरवता सहा महिने ते वर्षात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर कारण शोधायचंच असतं, तुमच्या वडिलांचं जवळजवळ दहा टक्के उतरलंय. कारण साधंही निघतं, कवळी सैल झाली की भाकरी चावत नाही आणि माणूस लाजेखातर सांगत नाही, चहात बिस्किट बुडवून वेळ मारतो. एखाद्या गोळीनं भूक जाते, शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनं कुणाकुणाला तसं होतं. जोडीदार गेल्यावर एकट्याला घास उतरत नाही, आणि मन खचलंय हे म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत, जेवण कमी होतं त्यातून दिसतं. पण वाढलेली शुगर, थायरॉइड, टीबी आणि कॅन्सर ही कारणं आधी बाजूला काढायला लागतात. एमडी फिजिशियनना दाखवा, रक्ताच्या मुख्य तपासण्या, छातीचा एक्सरे, बहुधा पोटाची सोनोग्राफी सांगतील. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तंबाखू खात असतील तर तोंड आतून नीट बघायला लावा. जाताना सध्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक, गावठी, सगळ्या, आणि ते स्वतः बोलणार नाहीत म्हणून काय खाणं कमी झालं ते तुम्ही सांगा.

प्रश्न : 67 वय, तब्येत चांगली. मुलीनं वाढदिवसाला फुल बॉडी चेकअप बुक केला, सत्तर तपासण्या. रिपोर्टमध्ये चार ठिकाणी ठळक अक्षरात जास्त-कमी लिहून आलंय आणि तेव्हापासून झोप नाही. शिवाय "ट्यूमर मार्कर" वेगळे करून घ्या असा फोन आला. काय करू? – मिरज

उत्तर : काका, आधी हे ऐका. लॅबची नॉर्मल रेंज ही साधारण 95 टक्के निरोगी माणसं ज्यात बसतात ती, म्हणजे प्रत्येक तपासणीत वीसातला एक निरोगी माणूस बाहेरच पडणार. सत्तर तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचेही तीन-चार आकडे ठळक येणं हे त्या हिशोबातच आहे. किंचित इकडेतिकडे असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून. एका रिपोर्टपेक्षा तीन वर्षांचे तीन रिपोर्ट जास्त सांगतात, म्हणून फाइल एक ठेवा आणि शक्यतो डॉक्टरही एक.

ट्यूमर मार्कर म्हणजे रक्तात कॅन्सरची खूण शोधणाऱ्या तपासण्या, काही लक्षण नसलेल्या माणसानं त्या हौसेनं करायच्या नसतात. कॅन्सर नसताना वाढलेल्या येतात, असताना नॉर्मल येतात, दोन्हीकडून फसगत. त्या फोनला नाही म्हणा.

तुमच्या वयात वर्षातून एकदा खरंच लागतं ते एवढंच : बीपी, वजन, पोटाचा घेर, हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, कोलेस्टेरॉल. एचबीए1सी केली तर मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगरची सरासरी कळते, 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून डायबेटिस. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी12 बघा. आणि पॅकेजमध्ये नसतं पण लागतं ते म्हणजे डोळे, काचबिंदू बहुधा दुखत नाही, नजर मात्र नेतो. तसेच दात आणि कान. बायकांची स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, 65 नंतर हाडांची घनता. आपल्या भागात मिशरी लावणाऱ्या आज्या-काकू अजून खूप आहेत, त्यांचं तोंड आतून कुणीतरी बघायलाच हवं आणि ते बघायला पैसे लागत नाहीत.

1894 साली मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी दवाखाना सुरू केला तेव्हापासून लांबलांबून लोक मिरजेला उपचाराला येतात, तुम्ही तर गावातच आहात. पण साधं बीपी-शुगर बघायला मोठ्या हॉस्पिटलची गरज नाही, जवळच्या सरकारी आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्या कुणालाही ते मोफत मिळतं. सत्तरीच्या पुढच्यांना वय वंदना कार्ड निघतं, पाच लाखांपर्यंतचं, पण ते ॲडमिट होऊन घेतलेल्या उपचाराला, अशा चेकअपला नाही.

प्रश्न : वय 69, वजन 88. पुण्यातला मुलगा म्हणतो आता वजनाचं इंजेक्शन आलंय, आठवड्यातून एकदा घ्यायचं. त्याचा मित्र स्वतःचं अर्धं वापरलेलं इंजेक्शनचं पेन द्यायला तयार आहे. – इस्लामपूर

उत्तर : दुसऱ्याचं पेन अजिबात घेऊ नका, सुई बदलली तरी त्यातून इन्फेक्शन जाऊ शकतं. औषधं खरी आहेत, टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड वजनासाठी 2025 मध्ये आपल्याकडं आली, वजन चांगलं उतरतं. पण उतरतं ते भूक मारून, म्हणजे पहिल्या पत्रातली स्नायूंची अडचण इथंही आहेच, वर मळमळ-उलटी होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तुमच्या वयात किडनीवर ताण येतो. शुगर-बीपीच्या गोळ्यांचे डोसही बदलायला लागतात. आणि बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं. शुगर, हृदय किंवा गुडघ्यांसाठी गरज असेल तर तुमचे फिजिशियनच ठरवतील, लहान डोसपासून चढवत नेतील. त्यांना सरळ विचारा, यात संकोच कसला.

प्रश्न : साखर सोडून गूळ घेतला तर वजन उतरेल का? शुगर बॉर्डरवर आहे. – विटा

उत्तर : नाही. गुळात थोडीफार खनिजं असतात पण तो बहुतांश साखरच आहे, रक्तातली शुगर तशीच वाढवतो, आणि गूळ आहे म्हणून चहात दोन चमचे जास्त पडतात. काकवी आणि मधाचंही तेच. बेदाणे मूठ-मूठ न खाता पाच-सहा मोजून घ्या. चहा दिवसात चार वेळा असेल तर दोनवर आणा आणि त्यातलं गोड दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, महिन्याभरात जीभ सरावते. तीन महिन्यांनी एचबीए1सी परत करून आकडा कळवा.