पाचवं नाव

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

नदीवर जाऊन सॅम्पल तू आणलेस, पेपरचा ड्राफ्ट तू लिहिलास आणि आता सर म्हणतात, लेखकांत पाचवं नाव घाल. त्या पाचव्या गृहस्थांनी फाइल उघडूनही पाहिलेली नाही. परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता.

हे आमच्या वेळीही होतंच. माझ्या पहिल्या पेपरवर विभागप्रमुखांचं नाव आधी, माझं नंतर. त्यांनी शीर्षकातला एक स्वल्पविराम काढला होता! मी गप्प बसलो. पण रात्री आठपर्यंत थांबून टायट्रेशनची रीडिंग्ज घेणारे लॅबमधले मामा फक्त आभारात गेले, तेही आडनाव चुकवून. ती चूक माझीच.

आता नावाला प्राध्यापकांच्या नेमणुकीचे, बढतीचे गुण चिकटलेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के. जास्त असले तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग ऑथरला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला) ७०, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे चारांचे पाच झाले तरी कुणाच्याच ताटातलं कमी होत नाही. मग नाही म्हणणार कोण?

नावं जास्त असणं हा गुन्हा नव्हे. हिग्ज बोसॉन या सूक्ष्म कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांतली २४ पानं नावं आणि संस्थांची. एवढी अवाढव्य यंत्रं उभी करायला माणसं लागतातच. प्रश्न एवढाच, की कुणी काय केलं?

तेच विचार. ‘क्रेडिट’ नावाची १४ कामांची यादी आहे : कल्पना, डेटा गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. ती सगळ्यांना मेल कर आणि लिही, ‘आपापलं काम भरावं, सबमिशनला लागेल.’ आरोप नको, टोमणा नको. पाचव्या रकान्यात काय येतं ते बघू.

चॅटजीपीटीचं विचारलं होतंस. २०२३च्या सुरुवातीला ते काही पेपरांवर लेखक म्हणून झळकलं, तेव्हा ‘नेचर’ या विज्ञान जर्नलने नकार दिला : जो जबाबदारी घेऊ शकत नाही, तो लेखक नाही. (हा नियम काही माणसांनाही लावायला हवा.) भाषा सुधारायला वापरलं असशील तर जर्नलचा नियम बघून तसं नमूद कर.

सर थोडे चिडतील. मेल सोमवारी सकाळी पाठव, शनिवारी संध्याकाळी नको. आणि तुझ्याबरोबर उन्हात नदीवर येतात ना, त्या शिपाईमामांचं पूर्ण नाव त्यांनाच विचारून घे.

तुझा,
जुना सर