रेडियल आर्म सॉवर काम करताना किकबॅक (लाकूड झटक्याने परत फेकले जाणे) आणि हात ओढला जाण्याचा धोका कसा टाळावा?

आपण लिहिले आहे की, जुने १० इंची रेडियल आर्म सॉ (आडव्या दांड्यावर पुढे-मागे सरकणारी गोल पात्याची करवत) घेतल्यापासून आडवा काप घेताना पाते अंगावर धावून येते आणि फळी उभी चिरण्याची तर भीतीच वाटते. ही भीती रास्त आहे. मी न्यू जर्सीत राहतो. रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ साली हे यंत्र याच राज्यात तयार केले, आणि माझ्या तळघरातही असेच एक जुने यंत्र आहे.

आडव्या कापात पात्याचे खालचे दाते फळीला मागच्या फेन्सवर (आधाराच्या उभ्या पट्टीवर) दाबून धरतात, ही जमेची बाजू. पण त्याच जोराने पाते स्वतःला पुढे खेचते आणि फळीवर चढू पाहते. म्हणून उजव्या हाताचे काम ओढण्यापेक्षा रोखून धरण्याचे अधिक असते. कोपर ताठ ठेवावे, पाते सावकाश पुढे येऊ द्यावे, काप संपताच ते फेन्सच्या मागे न्यावे, आणि डावा हात पात्याच्या मार्गापासून किमान ६ इंच दूर असावा. फळी वाकडी असल्यास तिची फुगीर कड फेन्सला टेकवावी, म्हणजे कापाच्या जागी मागे पोकळी न राहता फळी फेन्सला टेकून राहते आणि चीर पात्यावर आवळत नाही. टेबल सॉचे (टेबलातून पाते वर आलेल्या करवतीचे) पुढे झुकलेल्या दात्यांचे पाते येथे मुळीच लावू नये. दात्यांचा हुक कोन (पुढे झुकण्याचा कोन) शून्य किंवा उणे पाच अंशांच्या आसपास असलेले पाते घ्यावे. माझा बहुतेक त्रास केवळ पाते बदलल्याने गेला.

उभ्या चिरणीत सारे उलटते. पाते जागेवर घट्ट बांधलेले असते आणि लाकूड आपण ढकलतो. लाकूड नेहमी दात्यांच्या फिरण्याविरुद्धच द्यावे. उलट बाजूने दिले, तर ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने फिरणारे दाते फळी हिसकावून पलीकडे फेकतात, आणि तिच्यावर ठेवलेला हातही सोबत ओढला जातो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनुसार पात्याच्या आवरणावर फिरण्याची दिशा दाखवावी लागते आणि मागच्या बाजूला ‘धोका: या टोकाकडून चिरू किंवा खाच पाडू नये’ अशा अर्थाची कायमची पट्टी लावावी लागते. जुन्या यंत्रांवरील ही पट्टी बहुधा झिजलेली असते. आपल्या यंत्रावर नसेल, तर आजच रंगाने लिहून घ्यावे.

योग्य बाजूने देऊनही, चीर मिटून पात्याला आवळली किंवा फेन्स पात्याशी समांतर नसली, तर लाकूड आपल्या अंगावर परत येते. एकदा पाइनची अरुंद पट्टी अशीच सुटून माझ्यामागच्या भिंतीवर आदळली. मी रेषेबाहेर उभा होतो, म्हणून वाचलो. तेव्हापासून चिरेत राहून ती मिटू न देणारी स्प्रेडरची पट्टी, आवरणाचे पुढचे नाक फळीला जेमतेम न टेकेल इतके खाली, आणि शेवटी ढकलकाठी, यांशिवाय मी फळी चिरत नाही; अरुंद पट्ट्या तर टेबल सॉवरच नेतो.

पात्याच्या पलीकडे लाकूड अडवणारे जे टोकदार दाते असतात, ते फळीच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली लटकतील असे बसवावेत. मग प्लग काढलेला असतानाच फळी त्यांच्याखाली सरकवून जोराने आपल्याकडे ओढून पाहावी. दात्यांनी ती तिथल्या तिथे रोखली नाही, तर यंत्र सुरूच करू नये.