जुन्या वाड्याचा चुना लॅबमध्ये तपासून घेणं खरंच गरजेचं आहे का?

तुम्ही विचारलंय, सातारा भागातल्या तुमच्या वाड्याचा गिलावा सुटतोय, कंत्राटदार सिमेंट मारा म्हणतो आणि आर्किटेक्ट आधी चुना तपासा म्हणतात, तर हा खर्च करावा का? मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. माझं उत्तर: करा, पण नमुना नीट घेणार असाल तरच.

सिमेंटचा विषय आधी उरकतो. ते जुन्या विटेपेक्षा कडक आणि ओल कोंडून धरणारं. आतलं पाणी मग विटेतून वाट काढतं, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि काही पावसाळ्यांनी तो थर विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतो.

नमुना अशा जागेचा घ्या जिथे नंतरच्या दुरुस्तीचा हात लागलेला नाही: माळ्यावर, चौकटीच्या मागे. जोत्यालगतचा नको, तिथे क्षार मुरलेले असतात. छिन्नीने मुठीएवढा सलग तुकडा काढा, भुगा उपयोगाचा नाही. वाड्यांच्या भिंती बरेचदा मातीत रचलेल्या असतात आणि चुना फक्त वरून, म्हणून सांध्यातला माल आणि गिलावा वेगवेगळ्या पिशव्यांत द्या.

तुकडा मोडून उन्हात धरा. तांदळाएवढे, कधी हरभऱ्याएवढे पांढरे खडे दिसतील. तो वाळूत न मिसळलेला निव्वळ चुना. चांगली लॅब तो टोकरून वेगळा तपासते, कारण मूळ चुना कसा होता ते तिथेच कळतं. आपल्याकडे कंकर, म्हणजे मातीत सापडणारे चुनखडीचे खडे, भाजूनही चुना करत. त्यात मुळातच चिकणमाती असल्याने तो ओलीतही थोडाफार घट्ट होतो. लाल कण दिसले तर सुरखी, म्हणजे विटांचा चुरा. तिचाही गुण तोच.

नेहमीची चाचणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची. चुना फसफसून विरघळतो, उरलेली वाळू चाळून प्रमाण काढतात. कोकण किनाऱ्यावर ही चाचणी हमखास फसवते, वाळूतले शिंपलेही विरघळतात आणि चुना आहे त्याहून जास्त भरतो. घाटावरच्या काळ्या वाळूत ही अडचण कमी. माझ्या मते अहवालातलं सगळ्यात कामाचं पान वाळूचं. ते गवंड्याच्या हातात द्या आणि तशीच जाड-बारीक वाळू आणायला सांगा.

चुन्यात पूर्वी घालत त्या गूळ, हिरडा, बेलफळ यांवर मात्र वाद घालत बसू नका. शेदोनशे वर्षांत हे पदार्थ बरेचदा धुपून, कुजून जातात. अहवालात गूळ नाही म्हणजे तो घातलाच नव्हता, असं होत नाही. तंतू टिकतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू ओळखता आल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

मिश्रण ठरलं की पावसाच्या तोंडच्या भिंतीवर हातभर जागेत लावून एक पावसाळा जाऊ द्या. आणि त्याआधी पन्हळी दुरुस्त करा. छपराचं पाणी भिंतीत जात असेल तर चुनाही टिकणार नाही.